वांकिडीची अर्धी फर्माईश

मुरलीभाऊनं वांकिडीला फसवलं. मला फसवलंच, पण माझ्याबरोबर चावडीसमोर पोती टाकून बसलेल्या साऱ्या गावाला फसवलं. पुढच्या गुरुवारी गाणं लावतो म्हणाला आणि लावलं नाही. मी जन्मभर भाजीचा धंदा केला. आधी डोक्यावर टोपली, मग हातगाडी, मग आदिलाबादेत स्वतःचं दुकान. शब्द फिरवणारे पुष्कळ पाहिले. त्यांतल्या काहींना भर बाजारात असं झापलंय की अजून माझ्या दुकानासमोरून जाताना ते रस्त्याची पलीकडची कड धरतात. मुरलीभाऊ तेवढा सुटला, कारण तो रेडिओत बसला होता आणि रेडिओची गचांडी धरता येत नाही.

हे सगळं वर आलं ते भंगारवाल्यामुळं. जुना तराजू बघायला गेले होते. मोडक्या पंख्यांच्या ढिगाखाली एक लाकडी खोकं दिसलं. पुढचं जाळीदार कापड फाटलेलं, एक खुंटी गायब, तिच्या जागी कुणीतरी बाटलीचं बूच ठोकलेलं. मी ओळखलं. आमच्या चावडीतला रेडिओ अगदी असाच होता. उचलून नाकाशी नेला. तेव्हाच्या रेडिओला तापलेल्या धुळीचा, लाकडाच्या रोगणाचा आणि बॅटरीच्या तेजाबाचा मिळून एक वास यायचा. याला उंदराचा येत होता.

“अम्मा, एंटिक पीस है,” भंगारवाला म्हणाला.

“एंटिक तो मैं भी हूँ. मेरा क्या भाव लगाता, बोल?”

तो हसला आणि तिथंच हरला. पिशवीभर शेवग्याच्या शेंगा मध्ये आल्या तेव्हा दोघंही थोडे खाली उतरलो, आणि मी खोकं काखेत मारून घरी आणलं. नात म्हणाली, “आजी, हे वाजत नाही.” म्हटलं, माहीत आहे. यानं वाजायचं तेव्हाही दगाच दिला होता.

तेव्हा आमची वांकिडी निजामाच्या हातून सुटून काहीच वर्षं झाली होती. कागद अजून उर्दूत चालायचे, शाळा मराठी होती, दुकानदारी तेलुगूत, आणि बाजाराला डोंगरातून येणाऱ्या बाया गोंडीत बोलायच्या. सरकारनं चावडीला रेडिओ दिला तो या सगळ्यांना मिळून एक. त्याची किल्ली चावडीचा शिपाई युसुफमामा याच्या करगोट्याला. दिवेलागणीला मामा कपाट उघडायचा, रेडिओवरची चादर काढून घडी करायचा, खुंटी पिळायचा. आधी नुसतं खरखर, मग लांबून कुणी शीळ घालावी तसा आवाज, आणि मग एकदम माणूस. तेवढ्या वेळात कुणी शिंकलं तरी मामा डोळे वटारायचा.

निजामाच्या शहरातलं स्टेशन भाषा पाळीनं लावायचं. आधी उर्दू, मग तेलुगू, आणि गुरुवारी संध्याकाळी मराठी गाणी. त्यावरून आमच्याकडे बसायची एक रीत पडली होती. ज्यांची भाषा लागली, ते पुढच्या पोत्यांवर. उर्दू गझल लागली की मामा आणि पटवारी पुढं. तेलुगू लागलं की किराणावाला राजय्या आपलं ढेरपोट सांभाळत पुढं यायचा, मागून त्याची बायको, मुलं. आणि “आता मराठी गाणी” असं ऐकू आलं की आम्ही सगळे धडपडत उठायचो. पुढचे मागं, मागचे पुढं. धोतराला पाय, पोराला चिमटा, कुणाचा तरी तंबाखूचा बटवा हरवलेला. पहिलं गाणं निम्मं त्यातच जायचं. तरी कुणी जागा सोडायला कां-कूं करत नसे. पुढून उठणारा मागच्याला पोतं झटकून द्यायचा.

कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, मच्छरांसाठी केलेला. शेजारच्या चुलीवरची ज्वारीची भाकरी. कापूस निघायच्या दिवसांत तर बायांच्या केसांत, पोरांच्या भुवयांवर कापसाचे तंतू, आणि दिव्याच्या उजेडात सारं गाव म्हातारं दिसायचं. त्या सगळ्यात मुरलीभाऊचा आवाज. मराठी गाणी तोच लावायचा. कोणती तबकडी लावायची हे त्याच्या हातात. तबकडी ठेवण्याआधी दोन शब्द बोलायचा, खाली जरासं हसू. गावातल्या अर्ध्या बायांनी त्याचा चेहरा आपापल्या मनानं ठरवून ठेवला होता. माझी गोदाक्का म्हणायची की त्याला नक्की मिशी असणार, मिशीशिवाय असं हसता येत नाही.

गोदाक्का माझी मोठी बहीण. लग्नाला आलेली. राजुऱ्याच्या अंगाला एका गावातून स्थळ आलं होतं. घर बरं, शेत बरं, मुलगा कामाचा. बाबांनी विचारलं तर आक्का हो म्हणेना, नाही म्हणेना. नुसती कोपऱ्यात बसून वांगी चिरायची, आणि बारीक चिरायची, जशी काही वांग्यांचीच चूक होती.

पोळ्याच्या आठवड्यात मुरलीभाऊनं ते गाणं लावलं. आधी कधी ऐकलं नव्हतं, पुन्हा कधी ऐकलं नाही. बाईचा खडा आवाज, मागं एकच तंतुवाद्य. सासुरवाशीण नदीच्या काठावर उभी आहे. पलीकडे तिचं माहेर, माहेरचा दिवा लागलेला तिला दिसतो. सणाला आली आहे, पण नाव दुसऱ्या काठाला. ती नावाड्याला हाक मारते. कडव्यामागून कडवं हाक मारते, दर वेळी वेगळं काहीतरी सांगते: आई वाट बघते, दिवा विझत आला, पाणी चढतंय. नावाडी गप्प. मग वाद्य थांबलं. बाईनं श्वास घेतला, तो आम्हाला ऐकू आला. आणि ती म्हणाली, नावाडी म्हणतो—

बॅटरी संपली.

बॅटरी आमच्या रेडिओची दुखरी जागा. जड, काळी. तीही एकच. भरायला बसच्या टपावरून आसिफाबादला जायची आणि बसवाल्याच्या मर्जीनं परत यायची. युसुफमामानं खोक्याला चापट्या मारल्या, विनवलं, “चल बेटा, थोडा और, थोडा और.” काही नाही. चावडीसमोर सगळे तसेच बसून राहिले, तोंड उघडं टाकून.

मग जे सुरू झालं ते दसऱ्यापर्यंत थांबलं नाही. नावाडी काय म्हणाला? विहिरीवर तेच, कापूस वेचताना तेच. माय म्हणाली, नेतो म्हणाला असणार, बाईमाणसाला काठावर कोण सोडतं? राजय्या म्हणाला, आधी भाडं मागितलं असेल, नंतरच नाव सोडली असेल. जंगूबाई चिंचा विकायला यायची, तिचं म्हणणं, नावाडी तिचा भाऊच असणार, अंधारात तिला ओळखू आला नसेल. मी म्हणायचे, त्यानं भाडं मागितलं आणि हिनं घासाघीस केली. तिच्या जागी मी असते तर पाटल्या काढून द्यायच्या आधी त्याच्या नावेला भोकं किती ते मोजून दाखवलं असतं.

गोदाक्का वांगी चिरत राहायची. एका संध्याकाळी बाबांनी स्थळाचा विषय पुन्हा काढला, तेव्हा ती विळी बाजूला सारून म्हणाली, “नावाडी नेतो म्हन्ला असंल, तर मी बी हो म्हन्ते.”

“म्हंजे?” बाबा चकित झाले.

“म्हंजे सासरी गेलेली परत येऊ शकते. नाई म्हन्ला असंल, तर मी इथंच बरी.”

“अवो, ते गाणं होय, पोरी.”

“मंग गाणं काऊन खोटं बोलंल?”

 बाबा बाहेर जाऊन बैलाला खाजवत बसले. मला मात्र काम मिळालं. मला आक्का जायला नको होती. माझं डोकं तिच्याच मांडीवर विंचरून व्हायचं, तिच्याशिवाय मला झोप येत नव्हती. आणि गाण्याचा शेवट माझ्या बाजूनं असेल अशी मला खात्री होती. नावाडी फुकट नेणार नाही, आणि भाडं द्यायला आक्काकडं होतं काय?

फर्माईशीचं कार्ड पाठवायचं ठरलं. कार्ड युसुफमामाकडे एकच होतं आणि गावातल्या प्रत्येकाला त्यावर आपलं गाणं हवं होतं. कुणाला भजन, कुणाला लावणी. राजय्यालाही. त्याला म्हटलं, तुमची तेलुगूची पाळी वेगळी आहे, तुम्ही यात हात घालू नका. भजनवाल्यांना एकादशीचा गुरुवार देऊ केला, जसा काही तो माझ्या बापाचा होता. लावणीवाल्याला फक्त एवढंच म्हटलं की काकूंना विचारते, तो गप्प झाला. मामाच्या चावडीत सडा घालायचं मी कबूल केलं. जन्मातला पहिला सौदा, आणि तो मी जिंकला. कार्डही मीच लिहिलं. चौथीतलं अक्षर, पण ठळक: ज्या गाण्यात नावाडी शेवटी बोलतो ते लावावे. पहिले अर्धे आम्हांस पाठ आहे, फक्त पुढचे अर्धे लावले तरी चालेल.

दिवाळीच्या तोंडावर मुरलीभाऊनं ते वाचलं. गावाचं नाव रेडिओतून आलं आणि चावडीवर कुणाला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. तो मोकळा हसला. म्हणाला, अर्ध्या गाण्याची फर्माईश पहिल्यांदाच आली आहे. वांकिडीकर मंडळी, अर्धं कशाला, पूर्ण लावू. पुढच्या गुरुवारी, नक्की.

नक्की. हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

तो आठवडा आमच्याकडे लग्नघरासारखा गेला. बॅटरी आसिफाबादहून भरून आणली आणि मामानं तिला कुणालाच, स्वतःलाही, हात लावू दिला नाही. आक्कानं शिकेकाईनं केस धुतले. बाबांनी स्थळाकडच्यांना निरोप धाडला की गुरुवारी या, निकाल लागेल. मुलगा स्वतः आला. उंच, कानांपर्यंत लाजणारा, पायांत नवे जोडे, आणि ते चावत असल्यामुळं प्रत्येक पावलाला भुवया वर. आम्ही पुढच्या पोत्यांवर आधीच जाऊन बसलो. मराठी लागायला अजून वेळ होता, पण त्या दिवशी राजय्या स्वतःच म्हणाला, “बसा, बसा. आज तुमचाच दिवस.”

त्याच दिवशी राज्य बदललं होतं. आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पटवारी सांगून गेला होता की आता आपण तेलुगू राज्यातले, आणि राजुरा तिकडं मराठीकडचा. पण राज्य बदलतं म्हणजे कचेरीत बदलतं, अशी आमची समजूत. मुरलीभाऊचा गुरुवारही बदलतो हे कुणाला ठाऊक?

रेडिओ लागला. सनई झाली. भाषण झालं. आणखी भाषण. मग तेलुगू गाणी, एकामागून एक, चांगली गाणी होती ती, पण आम्ही पुढं बसलेलो, आणि ज्याची ती गाणी तो राजय्या मागं उभा. आमच्यातलं कुणी उठलं नाही, त्यानं कुणाला उठवलं नाही. “येईल, येईल,” तो मागून म्हणत राहिला. मामा खुंटी पिळून पुन्हा तिथंच आणत होता. पोरं पेंगली. माय पदरानं वारा घेत होती, थंडी असून.

मी आक्काला चिकटून बसले होते. म्हणून पलीकडून तो मुलगा जे बोलला ते मला ऐकू आलं. तो कुणाकडे न बघता, जोड्याकडे बघत म्हणाला, “नावाडी नाई म्हन्ला असंल, तर मी गाडी जुपतो. दर पोळ्याले आणून सोडीन.”

 आक्काचा हात माझ्या केसांत होता, तो थांबला.

स्टेशन बंद झालं. मामानं चादर घातली, किल्ली फिरवली, आणि “कल देखेंगे” म्हणाला, जसं काही उद्याही गुरुवार होता. आक्का उठली, लुगडं झटकलं, आणि बाबांना म्हणाली, “हो म्हना त्यायले.”

बस. एवढंच. मी पाय आपटले, निकाल लागलाच नाही म्हणून ओरडले, गाणं ऐकल्याशिवाय कशी जातेस म्हणून तिचा पदर ओढला. सौदा मोडला होता हो! शेवट ऐकायचा, मग ठरवायचं, असं ठरलं होतं. सगळे हसत होते, भाऊजी तर सर्वांत जास्त, चावरे जोडे विसरून.

त्यानंतर कितीक गुरुवार आम्ही पुढच्या पोत्यांवर बसून पाहिलं. मुरलीभाऊ पुन्हा आला नाही. कधी मामा काटा नागपूरकडे ढकलायचा, तिकडून मराठी यायचं, पण पावसातून आल्यासारखं, खरखरीत. मग हळूहळू पुढचं-मागचं मिटलं. जो आधी येईल तो पुढं. शाळेच्या पाटीवर तेलुगू आली, आणि रेडिओवरच्या गाण्यांतून मला ती पाटीपेक्षा लवकर आली. पुढं मी बाजारात बसले तेव्हा टोमॅटो-मिरचीची आरोळी मी तेलुगू गाण्याच्या चालीवर ठोकायची. गिऱ्हाईक आधी हसायचं, मग थांबायचं, आणि थांबलेलं गिऱ्हाईक मी सोडत नाही. राजय्या ऐकायचा तेव्हा म्हणायचा, “आमची चाल घेतली, भाडं टाक.” मी म्हणायचे, तुमच्या स्टेशनाकडे माझं एक गाणं अडकलंय, ते द्या, मग बोलू.

भाऊजींनी शब्द पाळला, हे मला नाइलाजानं सांगावं लागतं. दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नाल्यातून गाडी वर चढायची, बैलांच्या शिंगांना आदल्या दिवशीचा रंग, झुली, घुंगरं, आणि आक्का मागं बसलेली, मांडीवर करंज्यांचा डबा. आमच्या सीमेला धड नदीही नाही, एक नाला, त्यात ढोपरभर पाणी. तेवढ्यासाठी कोणता नावाडी लागतो? पण दर वर्षी रात्रीच्या जेवणाआधी आमचं भांडण ठरलेलं. ती म्हणायची, नेलं. मी म्हणायचे, पुरावा? आणि भाऊजी म्हणायचे, “साळीबाई, वाढा आता, नावाडी उपाशी हाय.”

भाऊजी गेले त्याला काही वर्षं झाली. आक्का इकडं आलेली नाही. मी जाते, जीपभर भाजी घेऊन जाते आणि तिच्या सुनांशी भांडून येते. तिला म्हटलं, गाडी पाठवते. म्हणते, मोटारीत मळमळते. गुडघे धरतात. डावा कान गेला, उजव्यावर भागवते.

खोकं घरी आणलं त्याच दिवशी नातीनं तिच्या मोबाइलवर एफएम लावला. सीमेपलीकडचं स्टेशन, मराठी बोलणारा पोरगा, स्वतःला आर. जे. पिंट्या म्हणवतो. गाणं संपायच्या आत तोडतो आणि सिमेंटची जाहिरात लावतो. तेच गाणं सकाळी, तेच दुपारी. माझं डोकं फिरलं. मी नातीला म्हटलं, लाव त्याला फोन.

“हॅलो आजी! कुठून बोलताय?”

“आदिलाबादेतून.”

“ओहो, तेलंगणातून! कोणतं गाणं ऐकणार?”

“नावाड्याचं.”

“कोणत्या पिक्चरमधलं?”

“पिक्चरमधलं नाही, तबकडीवरचं. छप्पन सालची फर्माईश आहे, बाकी राहिलीय. तसलंच रेडिओचं खोकंही आज घरी आणलंय.”

तो हसला. “आजी, आमच्याकडं गाणी कॉम्प्युटर ठरवतो.”

“मग दे त्याच्याकडं फोन.”

हसता हसता म्हणाला, बोल आठवतात का, म्हणून दाखवा. मी म्हटलं. साऱ्या हाका, दिवा, चढतं पाणी, सगळं. माझा आवाज म्हणजे मिरची विकून झिजलेला. पण पोरानं मध्ये तोडलं नाही, हे त्याचं मी मानते. ‘नावाडी म्हणतो’ इथं मी थांबले.  पोरगा हळूच म्हणाला, “पुढं काय झालं आजी?”

“अरे, तेच तर तुला विचारून राह्यली!”

“शोधतो. शपथ. पुढच्या आठवड्यात नक्की.”

नक्की म्हणाला! मी फोनवरच त्याला जे बोलले ते म्हणे प्रक्षेपित झालं नाही.

चहा उकळेपर्यंत आक्काचा फोन आला. तिच्या सुनेच्या स्वयंपाकघरात तेच स्टेशन लागलं होतं.

“तुझा आवाज अजून फाटकाच हाय,” ती ओरडली. ऐकू कमी येतं, म्हणून तीच ओरडते. “काऊन भांडून राह्यली त्या पोट्ट्याशी? नावाडी हो म्हन्ला.”

“तुले कोनं सांगतलं?”

“मी आली ना पार.”

“तू उलटी गेलीस, आक्का. त्या बाईला माहेरी यायचं होतं.”

पलीकडं मिक्सर फिरला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग ती हसली, तशीच, मिशीवाल्या मुरलीभाऊबद्दल बोलताना हसायची तशी.

“गाणं सापडलं तं येईन,” ती म्हणाली. “मोटारीत मळमळलं तं मळमळलं. तुझ्या त्या खोक्यापुढं बसून ऐकू. पोतं टाकून ठेव.”

पोतं टाकलं आहे. खोक्यातून उंदीर काढले, आत नातीचा मोबाइल बरोबर बसतो, बूच ठोकलेली खुंटी पुसून ठेवली. राज्य दोनदा बदललं, जिल्ह्याचे तुकडे झाले, मी तक्रार केली नाही. पण गाण्याचं मी सोडणार नाही. मुरलीभाऊ, कुठं असाल तिथून, नाहीतर तुमच्या खुर्चीवर आज जो कोणी बसतो त्यानं, नाहीतर त्या पिंट्यानं, कुणीतरी उठा. ती तबकडी कुठल्यातरी कपाटात पडली असणारच. गुरुवार तुम्ही ठरवा, तुमच्या सोयीनं. पहिलं अर्धं लावूच नका, ते आम्हाला पाठ आहे. आक्काचा उजवा कान आहे तोवर मला एवढंच सांगा: नावाडी काय म्हणाला?